उतरणारा काटा

मामाचं गॅरेज म्हणजे रस्त्याच्या पार टोकाला असलेली पत्र्याची लांबडी शेड. छपराला खिळ्यांची जुनी भोकं होती आणि दुपार कलायला लागली की त्यांतून उन्हाचे बारीक बारीक दोर आत सुटायचे. त्या दोरांवर धूळ वरखाली करत बसायची, तिला कुठे जायची घाईच नसायची. बाहेर हॉर्न, भांडणं, शाळा, परीक्षा. आत नुसता ऑइलचा वास आणि मामाचं बेसूर गुणगुणणं. भिंगरीला तर कधीकधी वाटायचं, या शेडमध्ये वेळसुद्धा चपला दाराबाहेर काढून येतो.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका जागी बूड टेकवील तर शपथ, म्हणून मामानेच ते ठेवलं होतं आणि मग शाळेतसुद्धा चिकटलं. ती यंदा नववीत गेली होती. वर्गासमोर उभं राहिलं की पाठ केलेलं सगळं विसरणारी हीच मुलगी मागच्या महिन्यात भाषणाच्या स्पर्धेत पहिली आली, आणि तेव्हापासून जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर तिचं मत तयार असायचं. मामा म्हणायचा, "हिला बक्षीस काय दिलं, घरात लाउडस्पीकर बसवून गेले."

शेडच्या मधोमध, स्टँडवर, आजोबांची मोटरसायकल उभी होती.

ती अस्सल विलायती, मामाच्याही आधी जन्मलेली. आजोबा गेले तेव्हा ती विकली गेली, मग या हातातून त्या हातात फिरत फिरत एका भंगारवाल्याच्या अंगणात येऊन पडली, आणि तिथे मामाला सापडली. चौकटीवरचा नंबर त्याने बोटाने चाचपून वाचला आणि तिथेच मातीत फतकल मारून बसला म्हणे. इंजिन होतं, चाकं होती, हँडल होतं. नव्हती ती फक्त पेट्रोलची टाकी. ती कुणीतरी कधीच काढून नेली होती. आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कारण त्या काळी विलायतेत मीटर कुठे बसवायचं यावर एकमतच नव्हतं. कुणी ते पुढच्या फोर्कवर, हँडलच्या मधोमध पट्टी ठोकून बसवायचे. कुणी हेडलाइटच्या पोटात. आणि काही जणांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी चक्क टाकीलाच वरून भोक पाडलं आणि त्यात तबकड्या बसवल्या: वेगाची मोठी, आणि शेजारी चार्जिंगची अन् तेलाच्या दाबाची, दोन छोट्या. आजोबांचं मॉडेल दोन्ही तऱ्हांनी निघायचं. टाकीवर मीटर असलेलं, आणि फोर्कवर मीटर असलेलं.

"पण टाकीवर म्हणजे चालवणाऱ्याने रस्ता बघायचा की मांडीत बघायचं?" भिंगरीने विचारलं होतं. "हे म्हणजे तासाला बाकाखाली मोबाइल बघण्यासारखं झालं."

"तुला बरं माहीत," म्हणत मामाने तिच्या डोक्यात टपली मारली होती.

आजोबांच्या गाडीला मीटर कुठे होतं, हे मामाला आठवत नव्हतं. तो तेव्हा चौथी-पाचवीत. गाडीवर कायम मागे बसायचा. "मला विचाराल तर बाबा म्हणजे एक पाठ," तो म्हणायचा. "रुंद, घामाने भिजलेली, खाकी शर्टाची पाठ. तिच्यापलीकडे जग होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही."

आठवत होतं ते आईला. आई म्हणजे भिंगरीची आई, मामाची धाकटी बहीण. ती तेव्हा जेमतेम चार वर्षांची आणि बसायची पुढे, टाकीवर. "दादा, मीटर टाकीतच होतं," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे. डोळे मिटले तरी दिसतं मला." तिच्या त्या शब्दावर मामाने कुठून कुठून शोधून भोकाची टाकी आणली, तबकड्या जमवल्या, तांबडा प्रायमर मारला. आणि त्या शनिवारी त्याने निरोप धाडला, "या, मीटर बसलंय."

आई दातांच्या दवाखान्यातल्या काउंटरवरून तशीच आली, गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा न काढता. मामाने मीटरच्या केबलचं खालचं टोक ड्रिल मशीनमध्ये अडकवलं. चाक न फिरवता मीटर तपासायची ही त्याची पद्धत.

"बघा हं," तो म्हणाला आणि खटका दाबला.

तबकडीच्या आत कुणीतरी झोपेतून उठावं तशी टिकटिक झाली. या जुन्या मीटरचा काटा सरळ सरकत नाही, उड्या मारतो. खाली डाव्या कोपऱ्यात शून्यावर टेकलेला काटा टक् करून उठला, आणखी वर, आणखी वर, असा तबकडीची डावी बाजू पायरी पायरीने चढत गेला. भिंगरी टाळ्या पिटणार होती. मग तिने आईकडे पाहिलं.

"असं नव्हतं," आई म्हणाली.

"काय असं नव्हतं?"

"काटा चढायचा नाही रे. उतरायचा. वर उजवीकडे असायचा तो, आणि गाडी पळायला लागली की एकेक पायरी खाली यायचा. जिना उतरल्यासारखा."

मामाने ड्रिल बंद केलं. "अगं, वेग वाढला की काटा खाली येईल असं मीटर अख्ख्या दुनियेत कुणी बनवलेलं नाही."

"मी बघितलंय."

"तू चार वर्षांची होतीस. पहिलीत गेल्यावर तू आकडे काढायचीस ते आठवतंय का? सगळे डोक्यावर उभे! चार आकडा तर पाय वर करून. बाईंनी पाटी घरी पाठवली होती दाखवायला." मामा हसायला लागला. "आणि गाडीवरून उतरलं की तुझं एकच रडगाणं, दादाने माझा बूट ओढला. एकदा तर खरंच रस्त्यात पडला तो बूट, केवढा मार खाल्ला मी! तेही तुला वेगळंच आठवत असेल, बुटाला पंख फुटले म्हणून."

भिंगरीही हसली. आई नाही हसली.

मामाचं हसू ओसरलं. कान खाजवत तो फोर्कपाशी गेला. "हे बघ, मला आधीपासून शंका होती. इथे दोन कान आहेत, पट्टी बसवायचे. हॉर्नचे असतील असं मी धरून चाललो होतो. पण ते मीटरचेच असणार. मीटर इथे होतं. तुला लांबून, वाकडंतिकडं दिसलं असेल, आणि पुढे कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीवर टाकीतलं पाहिलं असशील. होतं असं."

"होत असेल," आई म्हणाली.

"मग मी उद्या वेल्डिंगला ठिणगीकाकांना बोलावतो. भोक बंद करून टाकू आणि मीटर वर घेऊ. बाबांची गाडी बाबांची होती तशीच झाली पाहिजे ना? नाहीतर ही सगळी खटपट कशाला?"

"कर बंद," आई म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावून निघालीसुद्धा.

तो आवाज भिंगरीच्या ओळखीचा होता. सहामाहीला गणितात नापास झाल्यावर तिने स्वतः तोच आवाज काढला होता. काही नाही झालं, असा.

संध्याकाळी आई इस्त्री करत होती. खिडकीत उजेडाची साय धरली होती आणि इस्त्रीची वाफ त्यात विरघळत होती. भिंगरी पलंगावर पालथी पडून पाय हलवत होती.

"आई, एका मीटरचं एवढं काय गं?"

आईने शर्टाची बाही सरळ केली. बराच वेळ तीच बाही.

"भिंतीवर आजोबांचा फोटो आहे ना," ती म्हणाली, "तो मला रोज दिसतो. त्या फोटोतला माणूस मला पाठ आहे. पण तो मला आठवत नाही, कळतंय का तुला? हसत नाही, हलत नाही, कॉलर कडक. कुणीही असू शकेल तो. मला बाबांचं स्वतःचं असं एवढंच आठवतं, तो काटा. खाली इंजिनाची धडधड, पोटात गुदगुल्या, आणि एकेक पायरी उतरत येणारा काटा. तो तळाशी पोचायच्या आत मला झोप लागायची. इतकी वर्षं मी तेवढ्यावर भागवलं." तिने बाही पुन्हा उलटी केली. "आणि आता दादा म्हणतो तसा काटाच नसतो. म्हणजे ते मी रचलेलं. म्हणजे बाबांचं माझ्याकडे काहीच नाही."

भिंगरी उठली आणि आईच्या पाठीला चिकटून उभी राहिली. इस्त्री चालू होती म्हणून आई म्हणाली, "भाजशील, सरक." पण स्वतः सरकली नाही.

आईच्या पाठीवर गाल टेकवून भिंगरीला फक्त कुर्त्याची फुलं दिसत होती. मामालाही अशी पाठच दिसायची, तिच्या मनात आलं. पाठीमागून काय काय दिसतं? शिलाई दिसते. वेणी दिसते. हात लांब केला तर हाताला काय लागतं?

आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी टक् करून उठलं. नीट दिसायच्या आत निसटलंही. रात्रभर ते तिच्या उशीच्या आसपास घुटमळत राहिलं. स्वप्नात एक लहानसा बूट पंख हलवत शेडच्या उन्हाच्या दोरांवर बसायला जागा शोधत होता.

रविवारी दुपारी ठिणगीकाका सिलिंडरची ढकलगाडी खडखडवत हजर झाले. ते वेल्डर. डोळ्यावरचा काळा चष्मा कपाळावर ढकलायची त्यांना इतकी सवय, की कपाळाला त्याचा वळ पडला होता. आईही आली होती. यायची नव्हती, भिंगरीने ओढून आणली होती. ती दारातच पाठ टेकून उभी राहिली.

"टाकी उतरवा आणि आधी गळ्यापर्यंत पाण्याने भरा," ठिणगीकाका म्हणाले. "आत पेट्रोलची वाफ राहिली तर मी इथून थेट स्वर्गात. बायकोला सांगून नाही आलो."

मामाने मीटर काढायला पाना उचलला.

"मामा, थांब!"

"आता काय?"

"तो बूट. तू ओढायचास तो."

"अगं बाई, कामाच्या वेळी..."

"कसा ओढायचास?"

"कसा म्हणजे? हाताने. मागे बसायचो, हात पुढे घालायचो, बाबांच्या कमरेच्या बाजूने तिचा पाय बाहेर आलेला असायचा. दोन्ही बाजूंनी एकेक पाय. पांढरे मोजे. ओढला की किंचाळायची."

"तू आजोबांच्या मागे. आई आजोबांच्या पुढे. आणि तिचे पाय मागे तुझ्याकडे आले?" भिंगरीचा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून परत आला. "पुढे तोंड करून बसली असती तर पाय पुढे गेले असते, मामा! हँडलकडे! तुझ्या हाताला बूट लागलाच कसा?"

मामाने पाना खाली ठेवला. ठिणगीकाकांनी चष्मा कपाळावरून आणखी वर ढकलला, आता वर जायला केसच उरले होते.

भिंगरी बोलून थांबणाऱ्यातली नव्हतीच. तिने फूटरेस्टवर पाय दिला, हँडलला पाठ लावली आणि सीटकडे तोंड करून टाकीवर चढून बसली.

"टाकी चेपेल, घोडे!" मामा ओरडला.

"ड्रिल लाव! केबलला ड्रिल लाव ना!"

मामाने लावलं. का लावलं ते त्यालाही कळलं नसावं. भिंगरीने आपल्या दोन गुडघ्यांमधे खाली पाहिलं. तबकडी तीच होती, पण सगळी डोक्यावर उभी. चारचा आकडा पाय वर करून पडला होता. शून्य वर, उजव्या कोपऱ्यात. आणि टिकटिक सुरू झाली, काटा टक् करून हलला आणि एकेक पायरी खाली यायला लागला. अगदी सावकाश. खाली कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, असा.

"आई," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक निघाला. "आई, इकडे ये. उतरतोय."

आई दारातून आली ती पाण्यातून चालल्यासारखी. भिंगरी खाली उतरली. आईने टाकीकडे पाहिलं, स्वतःच्या साध्यासुध्या चाळिशीच्या अंगाकडे पाहिलं आणि ठिणगीकाकांकडे पाहिलं.

"मी तिकडे बघतो," ठिणगीकाका म्हणाले आणि भिंतीवरच्या पान्यांकडे तोंड करून उभे राहिले. "छान पाने आहेत. सगळे ओळीने आहेत."

मामाने हात दिला. आई चढली, हँडलला पाठ टेकून बसली, गुडघे वर आले. मामाने ड्रिल भिंगरीच्या हातात दिलं आणि बहीण घसरू नये म्हणून स्वतः सीटवर बसून तिला दोन्ही बाजूंनी धरलं. भिंगरीने खटका दाबला.

टिक. टिक. टिक.

आई खाली बघत होती. उन्हाचा एक दोर नेमका तबकडीच्या काचेवर येऊन पडला होता आणि त्यातली धूळही काट्याबरोबर हळूहळू उतरत होती, निदान भिंगरीला तरी तसंच वाटलं. काटा तळाकडे आला. झोपाळलेलं मूल करतं तशी आईने मान वर केली.

"दाढी कर की रे," ती म्हणाली.

"रविवार आहे," मामा पुटपुटला.

"हलू नकोस. हनुवटी वर कर. तशीच." आईने बोट पुढे केलं, त्याच्या हनुवटीच्या खाली, लावलं मात्र नाही. "इथे एक खळगा होता. बाबांना. तांदळाचा दाणा मावेल एवढा. मी त्यात बोट घालायचे आणि ते म्हणायचे, बेल वाजली."

मामाचे हात तिच्या बाजूंवर तसेच राहिले.

"वाकून किक बघत होते, तर दांडा उलटून लागला होता त्यांना," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या देखत. फोटोत खळगा दिसत नाही. कॉलरमुळे. मी... मी तुला कधी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

"मी बघत होते, दादा," आई म्हणाली. "सगळा वेळ मी त्यांच्याकडेच तोंड करून बसले होते."

ड्रिलच्या खटक्यावरून भिंगरीचं बोट कधी निघालं, कुणालाच कळलं नाही. काटा आपला आपण शून्यावर जाऊन टेकला. मामा बहिणीच्या डोक्यावरून समोर हँडलकडे बघत होता, आणि बोलला तेव्हा झोपेत बोलल्यासारखा. "वाऱ्याने तुझा कान दुखायचा. ठणकायचा. रात्र रात्र रडायचीस. म्हणून उलटं बसवत असतील. मला काय दिसणार? मला पाठ दिसायची."

"तुझ्या वाटणीला पाठ, माझ्या वाटणीला तोंड," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "भांडण नको."

"मग भोकाचं काय करायचं?" ठिणगीकाकांनी पान्यांनाच विचारलं. "बुजवायचं का नाही?"

"हात तर लावून बघा," भिंगरी म्हणाली.

"नाही, मी आपलं विचारलं. एवढं सिलिंडर ओढत आणलं म्हणून." त्यांनी मागे वळून नाक ओढलं. "ते दोन कान हॉर्नचे असतात हो. मला कुणी विचारलंच नाही."

मामाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा सांगायला म्हणून बाहेर निघून गेले.

आई खाली उतरली, पण लांब गेली नाही. तिने सीटवर हात फिरवला. मग भिंगरीला म्हणाली, "तू चढ परत."

"मी?"

"उलटी. मघासारखी."

भिंगरी हँडलला पाठ लावून टाकीवर बसली. मामा "चेपेल, चेपेल" म्हणाला, पण मनापासून नाही. आणि आई मोटरसायकलच्या सीटवर बसली, दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून, आयुष्यात पहिल्यांदा. तिने भिंगरीच्या दोन्ही अंगांनी हात पुढे नेले आणि हँडल धरलं. तिच्या हाताला साबणाचा आणि दवाखान्याच्या औषधाचा वास येत होता. ड्रिल पुन्हा मामाकडे गेलं.

टिकटिक सुरू झाली. दोघींनी खाली पाहिलं, दोघींची डोकी एकमेकींना टेकली.

"तुझ्याकडून चढतोय का गं?" भिंगरीने विचारलं.

"हो. तुझ्याकडून?"

"उतरतोय."

आईने मान वर केली. इतक्या जवळून तिने भिंगरीकडे कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. कपाळ, भुवया, नाकावरची नवी पुटकुळी, सगळं तिने सावकाश, रस्ता बघत जावं तसं पाहिलं.

"बाबांना इथून मी दिसत असेन," ती म्हणाली. "रस्त्याच्या आधी मीच."

भिंगरीने बोट उचललं आणि आईच्या हनुवटीखाली, जिथे खळगा वगैरे काही नव्हता, तिथे हलकेच दाबलं.

"ट्रिंग," आई म्हणाली.